नातेसंबंधांवरील प्रश्न : वंशवृक्षातून उकल

शालेय शिष्यवृत्ती परीक्षेपासून पोलीस भरती, तलाठी भरती आणि राज्यसेवा पूर्व परीक्षेपर्यंत बुद्धिमत्ता चाचणीच्या विभागात नातेसंबंधांवरील प्रश्न हमखास आढळतात. प्रश्न दोन-तीन ओळींचा असतो, गणित जवळपास नसतेच. तरीही अनेक उमेदवारांचे गुण याच ठिकाणी जातात. वाक्य मनातल्या मनात फिरवून उत्तर काढण्याची सवय हे त्याचे मुख्य कारण होय. कागदावर चार रेघा ओढल्या तर हाच प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो.

या कौशल्याची गरज परीक्षेच्या दालनापुरती मर्यादित नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुक्यासारख्या बागायती भागात खातेदाराच्या निधनानंतर सातबारावर वारसांची नावे लावताना नेमका हाच वंशवृक्ष मांडावा लागतो. परीक्षेत चुकलेल्या रेघेने एक-दोन गुण जातात. वारस नोंदीत चुकलेल्या रेघेने एखाद्याचा हिस्सा जाऊ शकतो. म्हणूनच नात्यांची कोडी सोडविण्याची पद्धत, त्यातील फसव्या जागा आणि तिचा व्यवहारातील उपयोग यांचा येथे एकत्रित विचार केला आहे.

मराठी नातेवाचक शब्दांचे सामर्थ्य

इंग्रजीतील ‘अंकल’ या एका शब्दात काका, मामा, मावशीचे यजमान आणि आत्याचे यजमान असे चौघे सामावतात. ‘कझिन’ या शब्दात तर चुलत, आते, मामे आणि मावस अशी चारही प्रकारची भावंडे येतात आणि ती व्यक्ती पुरुष की स्त्री हेही कळत नाही. मराठीत मात्र ‘मामेबहीण’ एवढे म्हणताच तीन गोष्टी निश्चित होतात. ती स्त्री आहे, ती आईकडून नात्यात आहे आणि तिला जोडणारा दुवा आईचा भाऊ आहे. मराठी नातेवाचक शब्द हा स्वतःच वंशवृक्षाचा एक तुकडा असतो. शब्द वाचला की तो तुकडा कागदावर उतरवायचा, एवढेच काम उरते.

जिथे मराठी शब्द कमी नेमका असतो, तिथेच प्रश्नकर्ता सापळा लावतो. अशा तीन जागा विशेष लक्षात ठेवाव्यात.

पहिली जागा आजी-आजोबांची. पालकांच्या भावंडांसाठी मराठीत बाजू दाखविणारे वेगवेगळे शब्द आहेत. परंतु वडिलांची आई आणि आईची आई या दोघींनाही ‘आजी’च म्हणतात. दुसरी जागा ‘मेहुणा’ या शब्दाची. पत्नीचा भाऊ आणि बहिणीचा पती या दोघांसाठीही तो वापरला जातो. इंग्रजीतून भाषांतरित झालेल्या प्रश्नपत्रिकेत तर मूळ शब्दाच्या जागी दीर, मेहुणा किंवा भावजी यांपैकी काय अभिप्रेत आहे, हे पर्याय पाहूनच ठरवावे लागते. तिसरी जागा ‘भाचा’ आणि ‘पुतण्या’ यांची. पुरुषाच्या भावाचा मुलगा हा त्याचा पुतण्या, तर बहिणीचा मुलगा हा भाचा. स्त्रीच्या बाबतीत मात्र भावाचा मुलगाही भाचाच ठरतो, कारण ती त्याची आत्या असते. स्त्रीला पुतण्या असतो तो पतीच्या बाजूने, म्हणजे दिराचा मुलगा. ‘पुतण्या’ हा शब्द आला की दुसऱ्या टोकाला काका किंवा काकू असणार, हे त्यामुळे पक्के होते.

उलटे नाते

‘अ चे ब शी नाते काय?’ आणि ‘ब चे अ शी नाते काय?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. योग्य आकृती काढूनही उत्तर चुकते ते बहुधा या ठिकाणी. नाती दोन प्रकारची असतात. काही नाती दोन्ही बाजूंनी सारखीच राहतात. चुलत भावाचा मी चुलत भाऊच, मावस भावाचा मी मावस भाऊच. जाऊ, साडू आणि व्याही ही नातीही याच वर्गात मोडतात.

दुसऱ्या प्रकारची नाती उलटताना बदलतात. मनोज हा सविताचा मामेभाऊ असेल, तर सविता ही मनोजची आतेबहीण ठरते. कारण सविताची आई ही मनोजच्या वडिलांची बहीण आहे. मामा आणि आत्या यांच्यासमोर भाचा-भाची, काकांसमोर पुतण्या-पुतणी, सासऱ्यासमोर जावई किंवा सून, नणंदेसमोर भावजय अशा जोड्या आहेत. त्या पाठ करण्यापेक्षा आकृतीवर दोन्ही दिशांनी बोट फिरवून पाहावे. प्रश्न कोणाच्या बाजूने विचारला आहे, त्या व्यक्तीच्या नावाखाली आरंभीच एक रेघ मारून ठेवावी.

आकृती काढण्याची पद्धत

चिन्हे कोणतीही चालतील, मात्र ती प्रत्येक वेळी तीच असावीत. पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ ही चिन्हे सोयीची आहेत. लिंग ठाऊक नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. पती-पत्नी आडव्या दुहेरी रेषेने, सख्खी भावंडे आडव्या एकेरी रेषेने आणि पालक-अपत्य उभ्या रेषेने जोडावेत. जुनी पिढी वर, नवी पिढी खाली. एकाच पिढीतील सर्व व्यक्ती एकाच पातळीवर आल्या पाहिजेत. एवढा नियम पाळला तरी बरेच चुकीचे पर्याय आपोआप गळतात.

लिंग ठरविताना मराठी वाक्यरचनेकडे बारकाईने पाहावे. ‘अ हा ब चा भाऊ आहे’ या वाक्यातून अ पुरुष आहे हे कळते. ब विषयी काहीच कळत नाही. ‘चा’ हा प्रत्यय भाऊ या शब्दाप्रमाणे आला आहे, ब प्रमाणे नव्हे. ‘डॉक्टर’, ‘वकील’, ‘न्यायाधीश’ या शब्दांवरूनही व्यक्ती पुरुष असल्याचे गृहीत धरू नये. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील मुलाला पाहून ‘हा माझा मुलगा आहे’ असे सांगणारे डॉक्टर त्याचे वडील नसतील, तर ती त्याची आई असते. हे जुने कोडे आजही अनेकांना अडवते, ते याच गृहीतकामुळे.

छायाचित्राचा प्रश्न

या प्रकारचा एक नमुना पाहू. छायाचित्रातील मुलाकडे बोट दाखवून सुनंदा म्हणाली, ‘याची आई ही माझ्या आईच्या आईची एकुलती एक मुलगी आहे.’ मुलाचे सुनंदाशी नाते काय?

असे वाक्य शेवटाकडून, सुनंदाच्या बाजूने वाचत जावे. सुनंदाच्या आईची आई म्हणजे तिची आजोळची आजी. त्या आजीची एकुलती एक मुलगी म्हणजे सुनंदाचीच आई. तीच मुलाचीही आई आहे. म्हणून तो सुनंदाचा भाऊ.

आता ‘माझ्या आईच्या आईची’ याऐवजी ‘माझ्या वडिलांच्या आईची’ असे शब्द घातले, तर एकुलती एक मुलगी ही सुनंदाची आत्या ठरते आणि मुलगा आतेभाऊ होतो. प्रश्नात नुसते ‘माझ्या आजीची’ असते, तर दोन्ही उत्तरे संभवली असती. अशा वेळी पर्यायांत भाऊ आणि आतेभाऊ यांपैकी एकच असेल तर तो निवडावा. दोन्ही असतील आणि ‘निश्चित सांगता येत नाही’ हाही पर्याय असेल, तर तो योग्य ठरतो.

कौटुंबिक मांडणीचा प्रश्न

राहात्यातील एका कुटुंबात अ, ब, क, ड, इ आणि फ असे सहा जण आहेत. त्यांत तीन पुरुष, तीन स्त्रिया आणि दोन दांपत्ये आहेत. क आणि इ ही सख्खी भावंडे अविवाहित आहेत. अ ही इ ची आई आणि ब ची सून आहे. ड हा क चा आजोबा आहे. इ हा क चा भाऊ आहे. तर ब आणि क यांचे परस्परांशी नाते काय?

येथे सर्वाधिक बंधन घालणाऱ्या माहितीपासून आरंभ करावा. क आणि इ अविवाहित असल्याने दोन्ही दांपत्ये अ, ब, ड आणि फ या चौघांतूनच व्हायला हवीत. अ ही ब ची सून असल्याने त्या दोघांची जोडी होणार नाही. ड हा अ च्याच अपत्याचा आजोबा असल्याने तो तिचा पती नव्हे. म्हणून अ चा पती फ आणि उरलेले दांपत्य ड व ब. आता पुरुष मोजावेत. ड, फ आणि इ असे तीन झाले. म्हणजे क ही स्त्री आहे. उत्तर असे की, ब ही क ची आजी आणि क ही ब ची नात. क स्त्री असल्याचे प्रश्नात कुठेही म्हटलेले नाही. ते केवळ मोजणीतून मिळाले. पुरुष आणि स्त्रियांची संख्या दिलेली असेल, तर ती वापरल्याखेरीज प्रश्न सोडू नये.

मोजणीची कोडी

दोन बाप आणि दोन मुले राहात्याच्या बाजारातून तीन पेरू घेऊन निघाले, प्रत्येकाला एक अख्खा पेरू मिळाला, हे कसे? आजोबा, वडील आणि नातू अशा तिघांत दोन बाप आणि दोन मुले असतात. एकच व्यक्ती दोन नाती निभावते, हे या कोड्याचे मर्म आहे.

त्याच जातीचा दुसरा प्रश्न : तीन भावांपैकी प्रत्येकाला एक बहीण आहे, तर एकूण भावंडे किती? घाईत सहा असे उत्तर दिले जाते. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही भावंडे आठवली की उत्तर चार असल्याचे लगेच उमगते. ज्या नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते याच जिल्ह्यात आहे.

कधी कधी समीकरण मांडावे लागते. एका घरातील प्रत्येक मुलाला जितके भाऊ तितक्याच बहिणी आहेत, आणि प्रत्येक मुलीला बहिणींच्या दुप्पट भाऊ आहेत. मुलगा स्वतःला भावांत मोजत नाही, म्हणून मुलांची संख्या मुलींपेक्षा एकाने अधिक आहे. मुलगी स्वतःला बहिणींत मोजत नाही, म्हणून मुलींच्या संख्येतून एक वजा करून दुप्पट केल्यास मुलांची संख्या मिळते. दोन्ही अटी ४ मुलगे आणि ३ मुली या संख्येलाच जुळतात.

इतिहासातील वंशवृक्ष

लांबलचक साखळीच्या प्रश्नाचा सराव करण्यासाठी खऱ्या वंशावळी उत्तम. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याला ज्यांचे नाव देण्यात आले, त्या अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातील चौंडीच्या. माणकोजी शिंदे हे त्यांचे वडील, मल्हारराव होळकर सासरे, खंडेराव पती, मालेराव आणि मुक्ताबाई ही अपत्ये, तर यशवंतराव फणसे हे जावई.

प्रश्न असा : अहिल्याबाईंच्या जावयाच्या पत्नीच्या भावाच्या वडिलांचे वडील कोण? ही साखळी आरंभापासून एकेक पायरी सोडवीत जावी. जावई यशवंतराव, त्यांच्या पत्नी मुक्ताबाई, मुक्ताबाईंचे बंधू मालेराव, मालेरावांचे वडील खंडेराव आणि खंडेरावांचे वडील मल्हारराव. पाच पायऱ्या चढून उत्तर अहिल्याबाईंच्या सासऱ्यांपाशी येते. याच प्रश्नात ‘वडिलांचे वडील’ या शब्दांऐवजी ‘मालेरावांचे आजोबा’ असे म्हटले असते, तर मल्हारराव आणि माणकोजी अशी दोन उत्तरे निघाली असती.

मामाची मुलगी आणि एक जुने इंग्रजी कोडे

पाठ्यपुस्तकातील कोडी एक गोष्ट गृहीत धरतात : रक्ताचे नाते आणि विवाहाचे नाते एकाच व्यक्तीत एकत्र येत नाही. महाराष्ट्रातील वस्तुस्थिती तशी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण भारताच्या मधल्या पट्ट्यात ठेवले. उत्तरेत आते-मामे भावंडांचा विवाह निषिद्ध मानला जातो, दक्षिणेत तो रूढ आहे. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह मान्य आहे. उलट दिशेने, म्हणजे आत्याच्या मुलीशी विवाह सामान्यतः टाळला जातो. हिंदू विवाह कायदा, १९५५ नेही सपिंड विवाहाला मनाई करताना रूढीचा अपवाद ठेवला आहे. सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणते, त्या संबोधनांतही याच प्रथेची खूण दिसते.

त्यामुळे ‘माझ्या मामाचा एकुलता एक जावई कोण?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात ‘मी स्वतः’ हेही उत्तर असू शकते. परीक्षेत मात्र प्रश्नात तसे सांगितले नसेल, तर असा विवाह गृहीत धरू नये.

ही शक्यता वापरून रचलेले एक प्रसिद्ध कोडे ‘ॲलिस’च्या कथांचे लेखक लुईस कॅरॉल यांच्या १८८५ मधील ‘अ टँगल्ड टेल’ या पुस्तकात आहे. एक राज्यपाल लहानशी मेजवानी योजतो. वडिलांचा मेहुणा, भावाचा सासरा, सासऱ्याचा भाऊ आणि मेहुण्याचे वडील यांना तो बोलावतो. कमीत कमी पाहुणे किती? उत्तर आहे एक.

मराठी वाचकाला याची उकल लवकर सापडते. पाहुणा हा राज्यपालाचा मामा मानावा. म्हणजे तो वडिलांचा मेहुणा झाला. राज्यपालाच्या भावाने या मामाच्या मुलीशी विवाह केला, म्हणून तो भावाचा सासरा. राज्यपालाने स्वतः दुसऱ्या मामाच्या मुलीशी विवाह केला, म्हणून तो सासऱ्याचा भाऊ. राज्यपालाची बहीण या मामाच्या मुलाला दिली, म्हणून तो मेहुण्याचे वडील. यातील पहिले दोन विवाह महाराष्ट्राच्या रूढीत बसतात; तिसरा उलट दिशेचा आहे. एकच माणूस चार नात्यांनी कसा जोडला जातो, हे आकृतीत चार रेषा एकाच चौकोनाशी येऊन मिळताना स्पष्ट दिसते.

सातबारावरील वंशवृक्ष

आता परीक्षेबाहेरचा उपयोग. गोदावरी उजव्या कालव्याच्या पाण्यावर राहाता परिसरात पेरूच्या बागा आणि ऊस उभा राहिला. अशा जमिनीत वारसाचा अर्धा हिस्साही मोलाचा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाहक्काने जमिनीत हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत देणे अपेक्षित आहे. गावोगावी आजही ‘तलाठी कार्यालय’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या कार्यालयात हा अर्ज होतो. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये, त्यानंतर फेरफार गाव नमुना ६ मध्ये होतो. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबारा बदलतो. या सर्वांचा पाया म्हणजे अर्जासोबत दिलेली वंशावळ.

एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याचे मृत्युपत्राविना निधन झाले. जमीन त्याची स्वकष्टार्जित होती. मागे आई, पत्नी, एक मुलगा, त्या मुलाची पत्नी, दोन विवाहित मुली, आधीच निधन पावलेल्या दुसऱ्या मुलाची पत्नी आणि तिचा एक मुलगा, तसेच मयताचा भाऊ असा परिवार आहे. हिस्से किती?

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार आई, पत्नी, मुलगा आणि दोन्ही मुली यांना प्रत्येकी एक वाटा मिळतो. निधन पावलेल्या मुलाच्या शाखेला मिळून एक वाटा. एकूण वाटे सहा. म्हणजे पहिल्या पाच जणांना प्रत्येकी एक षष्ठांश, तर दिवंगत मुलाची पत्नी आणि तिचा मुलगा यांना प्रत्येकी एक द्वादशांश. पहिल्या वर्गातील वारस हयात असल्याने भावाला काहीच मिळत नाही.

या घरात दोन सुना आहेत. एकीचा पती हयात असल्याने ती वारस नाही, दुसरीचा पती दिवंगत असल्याने ती वारस आहे. ‘सून’ हा शब्द दोघींना एकच; त्यांच्या हक्कातील फरक आकृतीतील वरच्या रेषेवर ठरतो. वंशावळ सांगताना ज्यांचा विसर पडण्याचा धोका असतो, त्या व्यक्ती म्हणजे मयताची आई, विवाहित मुली आणि दिवंगत मुलाची पत्नी. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी मयताचा स्वतःचा हिस्सा ठरवावा लागतो. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मतः सहदायादाचा दर्जा दिला. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट त्यासाठी नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात दिला. प्रत्यक्ष प्रकरणात मात्र विधिज्ञाचा सल्ला घेणे इष्ट.

लक्षात ठेवण्याजोगे

१. वाक्य पूर्ण वाचून मगच आकृतीला आरंभ करावा. सर्वाधिक बंधन घालणारी माहिती आधी मांडावी.

२. प्रश्न कोणाच्या बाजूने विचारला आहे, ते अधोरेखित करावे. मामे-आते आणि काका-पुतण्या ही नाती उलटताना बदलतात.

३. आजी, आजोबा आणि मेहुणा या शब्दांपाशी थांबून कोणती बाजू अभिप्रेत आहे ते पाहावे.

४. नावावरून, व्यवसायावरून किंवा ‘चा-ची’ प्रत्ययावरून लिंग गृहीत धरू नये.

५. ‘एकुलता’, ‘सख्खा’, ‘अविवाहित’ हे शब्द कधीही अनावश्यक नसतात; उत्तराची किल्ली बहुधा त्यांच्यातच असते.

६. माहिती अपुरी असेल तर ‘निश्चित सांगता येत नाही’ हेही अचूक उत्तर असते.

७. उत्तर निघाल्यावर ते मूळ वाक्यात घालून एकदा पडताळून पाहावे.

रोज पाच प्रश्न आकृतीसह सोडविण्याचा सराव दोन-तीन आठवडे केल्यास वेग आपोआप येतो. सरावासाठी पुस्तक हाताशी नसेल तर स्वतःच्या घराची चार पिढ्यांची वंशावळ, माहेरच्या आणि सासरच्या सर्व स्त्रियांच्या नावांसह, एका कागदावर उतरवावी. परीक्षेची तयारी त्यातून होतेच. पुढे कधी वारस नोंदीची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडतो.